फोटोत न आलेले ठिपके

धरमपेठ, नागपूर
११ नोव्हेंबर १९८५

प्रिय बळीराम,

अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. मी अनंत भुसारी, संस्थेतल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतला. सहा वर्षांनी लिहितो आहे. तुझा पत्ता वाचनालयातल्या धोंडबांकडून मिळाला. तू पारशिवनीच्या शाळेत विज्ञान शिकवतोस, दोन मुलं आहेत, असं ते म्हणाले. बरं वाटलं.

माझं चाललं आहे. एप्रिलअखेर निवृत्त होतो. डोळे फार थकले. त्या खोलीतला हिरवा पडदा बघून बघून दुपारनंतर भिंतसुद्धा हिरवट दिसते. घरी पार्वतीबाईंचा दमा थंडी सुरू झाली की वर येतो, तसा आताही आला आहे.

कामाचं लिहितो. विभागात गोपिका चरडे म्हणून काटोलकडची एक मुलगी संशोधनाला लागली आहे. विषय तुझाच, मॅग्नेशियमच्या भुकटीत हायड्रोजन साठवून ठेवायचा. मार्गदर्शकही तेच, डॉ. मनोहरराव घाटे. तुझी भुकटी भरलेल्या, तोंड वितळवून बंद केलेल्या काचेच्या नळ्या होत्या ना, त्यांतली एखादी तुझ्याजवळ शिल्लक आहे का? आणि वजनांची वही? तुलना करायला बरी पडेल. दुसरं विशेष काही नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
अनंत भुसारी


पारशिवनी
२ डिसेंबर १९८५

श्री. अनंतराव भुसारी यांस,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. नळ्या नाहीत. वही रद्दीत गेली. मी आठवी ते दहावीला शिकवतो, शाळा साडेदहाला भरते, सातवीच्या परीक्षेचंही काम आमच्याच गळ्यात असतं. त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

तुमच्या विद्यार्थिनीला माझ्या कामाचा काही उपयोग होईल असं वाटत नाही. तिला माझं नावही सांगू नका, तिचंच नुकसान होईल. ज्याला खोटी वजनं लिहिली म्हणून काढलं त्याची वही कोण बघणार.

तुमच्याबद्दल मनात काही नाही, हे मात्र लिहून ठेवतो. तुम्ही खोटं बोलला नाहीत. फोटोत हायड्राइड, म्हणजे हायड्रोजन शिरलेलं मॅग्नेशियम, नव्हतं, तुम्ही नव्हतं म्हणालात. माझा तराजू सांगत होता की शंभर भाग भुकटीत सहा भाग हायड्रोजन शिरला आहे, आणि तुमचा फोटो सांगत होता की काहीच शिरलेलं नाही. दोघांतलं एक चूक असणार. वर्षं गेली तसं मलाही वाटायला लागलं आहे की चूक माझीच असेल. कदाचित मला जे वाचायचं होतं तेच मी तराजूवर वाचलं असेल. आता त्याचा विचार करायलाही अंगात जोर नाही.

पार्वतीबाईंना सांभाळा.

आपला,
बळीराम डोंगरे


धरमपेठ, नागपूर
१४ डिसेंबर १९८५

प्रिय बळीराम,

‘तुम्ही खोटं बोलला नाहीत’ हे वाक्य वाचलं आणि पत्र तसंच घडी करून ठेवलं. पार्वतीबाई म्हणाल्या, “चहा गार झाला, काय लिहिलं आहे एवढं?” मी तो गार चहाच पिऊन टाकला. आठ दिवस झाले. आता तुलाच सांगतो. पहिल्या पत्रात मी अर्धंच लिहिलं होतं.

ऑक्टोबरात गोपिकानं भुकटी तयार केली. तुझ्या वेळी एक्स-रे यंत्राची नळी जळालेली होती आणि नवी यायला दोन वर्षं लागली, हे तुला आठवत असेल. आता ते यंत्र चालतं. तिनं एकाच नळीतली निम्मी भुकटी एक्स-रेला दिली, निम्मी मला दिली. एक्स-रेचं उत्तर आलं: मॅग्नेशियम हायड्राइड, भरपूर. माझ्या फोटोंचं उत्तर: नुसतं मॅग्नेशियम. घाटेसर तिला म्हणाले, नमुने इकडचे तिकडे केलेस. तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “काका, मी तुमच्या बाजूले उभी राहते. मले सुरुवातीपासून पाहू द्या.”

तुला ठाऊकच आहे, मी विद्यार्थ्यांना आत घेत नाही. तू बाहेरच्या बाकावर बसायचास. तिला घेतलं. किरण सुरू केला, नेहमीप्रमाणे उजेड वाढवत नेला, आणि ती एकदम म्हणाली, “थांबा काका! ठिपके बदलून राहिले!”

मी म्हणालो, “चित्र अजून स्थिर झालं नाही, थांब जरा.”

शब्द तोंडातून गेले आणि माझा हात बटणावरच थांबला. हेच वाक्य मी १९७९ च्या जूनमध्ये स्वतःशी म्हणालो होतो. तुझ्या नळ्यांच्या वेळी.

बळीराम, प्रत्येक पदार्थाच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते हे मी तुला काय सांगू. तुझ्या भुकटीवर किरण पडला तेव्हा पहिले चार-पाच सेकंद पडद्यावर एक निराळीच मांडणी होती. मी पाहिली. चित्र थरथरत होतं म्हणून मी उजेड आणखी वाढवला, फोकस नीट केला, पाच मिनिटं वाट पाहिली. तेवढ्यात ते ठिपके विरले आणि मॅग्नेशियमची वर्तुळं उमटली. स्वच्छ, रेखीव. मी त्यांचा फोटो काढला. तुझ्या तीन नळ्या होत्या. तिन्ही वेळा तेच झालं.

हायड्रोजन होता. माझ्या किरणानं तो उडवून लावला. ज्याचा फोटो काढायचा त्यालाच मी जाळत होतो आणि फोटो किती स्वच्छ आला म्हणून खूश होत होतो.

हे सगळं तेव्हा कळलं होतं असं म्हणणार नाही. पण काहीतरी पाहिलं होतं, हे कळलं होतं. तुझ्या चौकशी समितीनं मला एकच प्रश्न विचारला, “फोटोत हायड्राइड दिसतं का?” मी “नाही” म्हणालो आणि उठलो. जे विचारलं नाही ते बोललो नाही. घाटेसरांच्या विरोधात उभं राहायची छाती नव्हती, हे एक. दुसरं त्याहून वाईट आहे. माझे फोटो चुकत असतील, हे मला चार लोकांत म्हणायचं नव्हतं. सगळ्या विदर्भात माझ्यासारखे फोटो कोणाचे येत नाहीत, असं लोक म्हणायचे.

नळ्या खरंच नाहीत का? एखादी जरी असली तरी एक्स-रेला लावता येईल.

अनंत


पारशिवनी
२७ जानेवारी १९८६

अनंतराव,

तुमचं पत्र येऊन सहा आठवडे झाले. चारदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. कांता, माझी बायको, म्हणाली की हे असं वर्गात पोरांवर ओरडत बसण्यापेक्षा एकदा लिहून मोकळे व्हा.

काहून नाही सांगितलं? एवढंच विचारतो. तुम्ही मले रोज भेटत होते. माझ्या डब्यातली जवसाची चटणी खात होते. समितीच्या दिवशी मी पायरीवर बसून होतो तं तुम्ही आतून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आन् गेले. मले वाटलं, एवढ्या मोठ्या इमारतीत हा एक माणूस तरी आपला हाये. साडेसहा वर्षं मी थो हात आठवून राहिलो. कायचा हात होता थो, अनंतराव?

रागात घरच्या बोलीत लिहिलं गेलं. तसंच राहू देतो.

नळ्या आहेत. मीही खोटंच लिहिलं होतं. पाच घेऊन आलो होतो. इथं आल्यावर पहिल्या वर्षी कालव्यावर गेलो आणि दोन फेकल्या. तिसरीसाठी हात उचलला, पण सुटली नाही. उरलेल्या तीन आणि वही माझा मेहुणा गोविंदा सोमवारच्या बसनं घेऊन येईल. कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आहेत. तो तुमच्याच हातात देईल. दुसऱ्या कोणाजवळ देऊ नको म्हणून सांगितलं आहे.

आता काय निघेल याची आशा लावून बसलेलो नाही. निघालं नाही तरी कळवा.

बळीराम


धरमपेठ, नागपूर
२२ फेब्रुवारी १९८६

प्रिय बळीराम,

तू त्या हाताचं विचारलंस. त्या दिवशी हात ठेवला तेव्हा मला वाईट वाटत होतं, एवढं खरं. पण तुझ्यापेक्षा माझंच वाईट वाटत होतं. याहून जास्त लिहिलं तर ती सारवासारव होईल.

नळ्या सुखरूप पोचल्या. गोविंदानं चहासुद्धा घेतला नाही. “दाजीनं सांगितलं, देऊन सरळ वापस ये,” म्हणाला.

आता नीट वाच. एक नळी आम्ही एक्स-रेला लावली. हायड्राइड आहे. साडेसहा वर्षांनंतरही आहे. तुझ्या वहीतल्या वजनावरून जेवढं निघायला हवं तेवढंच, थोडं इकडे तिकडे. गोपिकानं तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर तिनं तुझ्या वहीचं ते पान माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाली, “काका, ह्या माणसानं एकेक वजन पाच-पाचदा घेतलं हाये. असं खोटं कोण लिहिते?”

मग दुसरी नळी सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची होती. नमुना थंड ठेवला तर हायड्रोजन लवकर सुटत नाही, असं गोपिकानं कुठंतरी वाचलं होतं. थंड ठेवायची दांडी यंत्राबरोबरच आलेली होती. अकरा वर्षं तिच्यावरचा कागदही कोणी काढला नव्हता. द्रवरूप नायट्रोजन कुठून आणायचा? शेवटी गुरांच्या पैदास केंद्रातून आणला. तिथं वळूंचं वीर्य त्यात गोठवून ठेवतात. तिथला डॉक्टर हसून म्हणाला, आमच्या वळूंपेक्षा तुमची भुकटी नाजूक निघाली.

नुसत्या थंडीनं भागलं नाही. ठिपके थोडे जास्त टिकले, पण फोकस होईपर्यंत विरलेच. तेव्हा मी सगळी आयुष्यभराची सवय मोडली. उजेड इतका कमी केला की पडदा जवळजवळ काळाच राहिला. एका कणावर फोकस जुळवला, त्याचा बळी दिला म्हण. मग किरण बंद करून शेजारच्या, अजिबात न पाहिलेल्या कणावर सरकलो आणि न बघताच फोटो घेतला. काय येणार हे ठाऊक नसताना मी आजवर एकही प्लेट खर्च केलेली नाही.

प्लेट धुतली. फोटो कळकट आहे, दाणेदार आहे, कडा फुटलेल्या आहेत. पण त्यात तुझे ठिपके आहेत. त्याच बैठकीत किरण चालू ठेवून त्याच कणाचे पंधरा सेकंदांनी, एका मिनिटानं, पाच मिनिटांनी असे आणखी फोटोही काढले होते. शेवटच्या फोटोत नुसती वर्तुळं, अगदी १९७९ सारखी.

चारही फोटो घेऊन घाटेसरांकडे गेलो. त्यांनी ते एकेक करून उजेडात धरले. मग कपाटातून जुनी फाइल काढली आणि माझ्यापुढे एक कागद ठेवला. “हे वाचा आणि मग मला सांगा,” म्हणाले. तुझ्या अक्षरात होतं, ‘वजनांच्या नोंदी मी अंदाजाने भरल्या. याबद्दल मी माफी मागतो.’ खाली तुझी सही.

बळीराम, हे काय आहे? मला हे ठाऊक नव्हतं.

अनंत


पारशिवनी
३ मार्च १९८६

अनंतराव,
जयभीम.

एक्स-रेचं वाचलं. पत्र शाळेतच आलं होतं. मी पुढचा तास घेतला. प्रकाशाचं वक्रीभवन होतं. काय शिकवलं ते आठवत नाही.

त्या कागदाबद्दल सांगतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, कांतालाही नाही.

समितीत पाच जण होते. माझ्या आडनावाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. घाटेसर इतकंच म्हणाले, “या मुलांना स्कॉलरशिपची मुदत असते, मग निकालाची घाई होते.” या मुलांना म्हणजे कोणाला, ते सगळ्यांना कळलं. पाचही जणांनी मान हलवली. त्यानंतर माझी वही कोणी उघडलीच नाही.

महिनाभरानं पारशिवनीच्या शाळेतून बोलावणं आलं. त्यांना संस्थेचा वर्तणुकीचा दाखला पाहिजे होता. मी तीनदा खेटे घातले. तिसऱ्या वेळी सरांनी मला खुर्चीवर बसवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, “डोंगरे, मला तुमचं आयुष्य खराब करायचं नाही. दोन ओळी लिहून द्या, विषय इथंच संपवू. दाखला आजच देतो.” वाक्यही त्यांनीच सांगितलं. मी लिहिलं.

घरी आई होती. तिनं बिड्या वळून मला एम.एस्सी. केलं. वस्तीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझा बळी डॉक्टर होणार, सुईवाला नाही, मोठा डॉक्टर. मला नोकरी पाहिजे होती, अनंतराव. मी असा विचार केला की कागदावर काय लिहिलं यानं काय होतं, खरं काय ते मला माहीत आहे.

तिथंच चुकलो. एखादी गोष्ट आपल्या हातानं लिहिली की ती हळूहळू आत शिरते. दोन-तीन वर्षांनी मला ती वजनं घेतलेली आठवेनात. तराजूपुढे बसलेलो आठवायचं, पण काटा कुठं थांबला होता ते आठवेना. मला वाटायला लागलं, खरंच अंदाजानं भरली असतील. तुम्ही एकदा गप्प राहिलात. मी तर स्वतःविरुद्ध लिहून दिलं.

आता त्या कागदापुढे तुमचे फोटो चालणार नाहीत. राहू द्या. तुमचे दोन महिने उरले आहेत, ते शांतपणे काढा. मला कळलं, तेवढं पुष्कळ झालं.

बळीराम


धरमपेठ, नागपूर
२९ मार्च १९८६

प्रिय बळीराम,

तू राहू द्या म्हणालास, मी राहू दिलं नाही. रागावशील तर रागाव.

दहा तारखेला संचालकांकडे लेखी निवेदन दिलं. १९७९ मध्ये पडद्यावर काय पाहिलं, काय सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही, सगळं. गोपिकानं एक्स-रेचे आलेख जोडले आणि खाली स्वतःचीही सही केली. मी तिला म्हणालो, “बाई, तुला अजून तीन वर्षं याच विभागात काढायची आहेत.” ती म्हणाली, “म्हणूनच तं करून राहिले. उद्या माह्या वह्याईचंही असंच होईन.”

घाटेसरांनी मला बोलावलं. मला वाटलं ओरडतील. तेही म्हातारे झाले आहेत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “भुसारी, आता हे कोणाच्या कामाचं आहे?” मी म्हणालो, “त्याच्या.” त्यांनी चष्मा पुन्हा लावून पुढची फाइल उघडली. मीही उठून आलो. त्या माणसाचा मला राग यायला हवा होता, पण त्याच्या जागी बसलेला मला मीच दिसत होतो.

काल निकाल कळला. तिघांची समिती होती. फोटोंवरून काढलेला १९७९ चा निष्कर्ष संस्थेनं मागे घेतला आहे, कारण त्या पद्धतीनं हायड्राइड दिसणं शक्यच नव्हतं. पण उमेदवारानं स्वतः लेखी कबुली दिलेली असल्यामुळे त्याची जुनी नोंदणी जिवंत करता येत नाही. हवं तर त्यानं नव्यानं अर्ज करावा. म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीपासून, अडतिसाव्या वर्षी, दोन मुलं आणि शाळा सांभाळून. मला हे लिहिताना लाज वाटते आहे.

गोपिका आपला निबंध छापायला पाठवते आहे. सूक्ष्मदर्शकाचा किरण हायड्राइडची कशी नासाडी करतो, यावर. तुझी वजनं ती तुझ्या नावानं छापणार. तुझी परवानगी विचारते आहे.

संस्थेनं माझ्याकडे खुलासा मागितला होता, तो दिला. खोलीची किल्ली पंधरा एप्रिलला जमा करायची आहे, म्हणजे निवृत्तीच्या पंधरा दिवस आधीच. त्याचं काही नाही. पण तुझी तिसरी नळी मी फोडलेली नाही. शुक्रवारी, अकरा तारखेला, तू ये. बाकावर बसायचं नाही. आत, माझ्या खुर्चीवर.

अनंत


पारशिवनी
२० एप्रिल १९८६

अनंतराव,
सप्रेम जयभीम.

त्या दिवशी तुमच्या खोलीतून उठलो आणि सरळ निघालो, याचा राग मानू नका. कार्यालय बंद व्हायच्या आत मला तिथं पोचायचं होतं, कशाला ते खाली लिहितो.

तुम्ही म्हणालात, “उजेड कमी ठेवतो, डोळे सरावू दे.” मला आधी काहीच दिसलं नाही. मग दिसलं. मधला एक मोठा ठिपका, त्याच्याभोवती लहान लहान, सारख्या अंतरावर, कोणी मोजून ठेवावेत तसे. मी मनातल्या मनात आकडे मोजले. नऊपर्यंत पोचलो तेव्हा कडेचे पुसट झाले. चौदाला मधले गेले. तुम्ही विचारलंत, “बंद करू का?” मी नको म्हणालो. मला शेवटपर्यंत पाहायचं होतं.

आणि काय झालं सांगतो. ठिपके जात असताना मला तराजू आठवला. जून महिना, खोलीत पंखा बंद, कारण वाऱ्यानं काटा हलायचा. घाम वहीवर पडू नये म्हणून मी मनगटाला रुमाल बांधून बसायचो. काटा स्थिरावायचा, मी लिहायचो, पुन्हा उचलून पुन्हा ठेवायचो. सगळं आठवलं, काटा कुठं थांबायचा तेही. मी वजनं घेतली होती.

तिथून निघून मी कार्यालयात गेलो. कोरा कागद मागितला आणि उभ्यानंच लिहिलं. ‘मी १९७९ साली दिलेले माफीपत्र मागे घेत आहे. ते पत्र खोटे होते. माझ्या वजनांच्या नोंदी खऱ्या आहेत.’ खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “साहेब, अशा अर्जाचा नमुनाच नाही, मी कोठी लावू हे?” मी म्हणालो, कुठंही लावा, पण आवक नंबर टाका आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शिक्का मारला.

नव्यानं अर्ज करणार नाही. थकलो आहे, हे एक कारण. दुसरं असं की दहावीच्या वर्गात दोन मुली आहेत, त्यांना तराजू हातात दिला की खाली ठेवत नाहीत. मी गेलो तर त्यांना कोण शिकवणार. गोपिकाताईंना सांगा, माझी वजनं छापा, नावासकट, आणि वही त्यांच्याजवळच राहू द्या.

तुम्हाला माफ केलं असं लिहावं, असं कांता म्हणते. लिहायला घेतलं आणि हात चालला नाही. खोटं काही लिहायचं नाही असं आता ठरवलं आहे, म्हणून ते लिहीत नाही. राग अजून आहे. पण तुम्ही उरलेली नोकरी हातात धरून गप्प बसू शकला असतात आणि बसला नाहीत, हेही मला दिसतं. दोन्ही आहे. पार्वतीबाईंना घेऊन एकदा इकडे या. इथली हवा कोरडी आहे, त्यांना बरं वाटेल.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा आई अंगणात तांदूळ निवडत होती. तिला वाचता येत नाही. मी कागद पुढे धरला. तिनं शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “का लिवलं हाये यात?”

मी वाचून दाखवलं. म्हणालो, “आई, मी खोटं नव्हतं लिहिलं, असं लिहिलं हाये.”

“थे तं मले तवाच माहीत होतं,” ती म्हणाली. मग कागदाकडे पुन्हा पाहिलं. “एवढंसं लिवाले सात साल लागले तुले?”

मी म्हणालो, “हो, लागले.” आणि तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडायला घेतले.

आपला,
बळीराम